ओट्यावरचा पाऊस, खाचरातला पाऊस

आम्ही सकाळी लावलेली भाताची रोपं काकूंनी संध्याकाळी उपटली आणि पुन्हा लावली. हे मला दिसायला नको होतं. बाकीचे पाहुणे ओट्यावर चहा-भजी घेत बसले होते. मोबाइलला रेंज मिळते का ते बघायला मी बांधापर्यंत गेले आणि दिसलं. डोक्यावरून प्लास्टिकच्या कागदाची खोळ घेतलेल्या दोन बायका, काकू आणि त्यांची जाऊ, आमच्या चार ओळींवर वाकून मागे मागे सरकत होत्या. डाव्या हाताने आमचा चूड उपसायचा, चिखलातच सोडवायचा, त्यातल्या तीन-चार काड्या उजव्या हाताने परत टेकवायच्या. आम्हाला दीड तास लागला होता. त्यांचं वीस मिनिटांत उरकत आलं होतं.

मला पाहून काकू ओशाळल्या. मी त्यांच्याहून जास्त ओशाळले.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमी लई खोल दाबलं. रोप खोल गेलं की फुटवा येत न्हाई. आन एकेका चुडात धा-बारा काड्या. आमचा तरवा पुरायचा कसा?"

हा लेख त्या चार ओळींबद्दल आहे. आणि आठ वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या एका लेखाबद्दलही.

तो लेख मराठी साहित्यातल्या पावसाबद्दल होता. एका दिवाळी अंकात आला, बऱ्यापैकी वाचला गेला, दोन-तीन महाविद्यालयांनी त्यावर बोलायलाही बोलावलं. मांडणी साधी होती : मराठी मनाचं आणि पावसाचं नातं फार जुनं, फार आतलं, आपला कवी पावसात स्वतःला सापडतो, वगैरे. लेख छापून आल्यावर मी तो आईला वाचून दाखवला. आई भोरच्या पश्चिमेकडची, भातवाल्या घरातली. लग्न होऊन पुण्यात आली ती एकोणीस-वीस वर्षांची असताना. तोवरचे सगळे पावसाळे तिने खाचरात काढलेले. तिने लेख शांतपणे ऐकला. मग म्हणाली, "छान लिहिलंयस. पण यात सगळे बसलेलेच आहेत गं."

मी हसले. ही गोष्ट पुढे मित्रमंडळींत गंमत म्हणून सांगितलीही. तिने केलेली ती समीक्षा होती हे मला कळलं नाही. ते मुळशीच्या त्या बांधावर कळलं.

आधी जागेबद्दल. ताम्हिणीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत एक घर. खाली तीन टप्प्यांत उतरत गेलेली खाचरं, मागे गोठा, बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून गाडीने दीड-दोन तासांवरच्या या पट्ट्यात त्याच्या कित्येक पट. जुलैत इथे पाऊस थांबत नाही. फार तर आवाज बदलतो. आम्ही अकरा पाहुणे होतो. 'पारंपरिक शेतघरात पावसाळी मुक्काम' अशी जाहिरात होती आणि तिच्यात नेहमीचे शब्द होते : मातीशी नातं, चुलीवरचं जेवण, बैलजोडी, भातलावणीचा अनुभव.

समीक्षकाने जाहिरातही वाचावी. 'अनुभव' हा शब्द बघा. भातलावणी हे काम आहे. तिच्यापुढे 'अनुभव' लावला की ते काम राहत नाही, भोगण्याची वस्तू होते, आणि ती विकता येते. म्हणजे शब्द बदलला की क्रियापद बदलतं. शेतकरी लावणी 'करतो', पाहुणा लावणी 'अनुभवतो'. केलेली गोष्ट बिघडू शकते, अनुभवलेली कधीच बिघडत नाही. म्हणून तर आमच्या चार ओळी बिघडल्यात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही फोटो काढले, हातपाय धुतले, गरम भाकरी खाल्ली.

'पारंपरिक' या शब्दाचीही तीच गत. घराच्या मालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणत होतो, पहिल्याच रात्री मोकळेपणाने सांगितलं की चिखलणी आता पॉवर टिलरनेच होते. बैल ठेवलेत ते थोडे शेणासाठी, थोडे वडिलांच्या हौसेसाठी आणि बरेचसे आमच्यासाठी. सकाळी आमच्यासमोर बैलांनी जे खाचर चिखललं ते आदल्या दिवशी टिलरने चिखलून झालेलं होतं. काकांनी हे लपवलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. आम्हाला काय हवं आहे हे त्यांनी आमच्यापेक्षा बारकाईने वाचलं होतं. आम्ही शेत वाचायला गेलो होतो, आणि शेत आम्हाला वाचून तयार बसलं होतं.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाचे संघटित प्रयत्न २००५च्या सुमारास बारामतीजवळच्या पळशीवाडीतून सुरू झाले, २०२० साली राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं, आणि त्यामागचा हेतू सरळ आहे : शेतीला जोडउत्पन्न. काकांचं गणितही सरळ होतं. भात खाऊन-विकून हातात फारसं काही उरत नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. पूर्वी सावड असायची : आज तुमच्या खाचरात सगळं गाव, उद्या माझ्या. आता गावात माणसंच कमी. मग चार खोल्यांचं भाडं बियाणाला, खताला, मजुरीला लागतं. "तुमी पाऊस बघायला येता," काका म्हणाले, "म्हणून आमाला पावसात भात करता येतो."

या वाक्यावर मी अजून अडून आहे. आमच्या बघण्याची हेटाळणी करणं सोपं होतं, आणि बांधावरून परतताना मी तेच करत होते. पण त्याच बघण्याच्या पैशांतून ते खाचर लागवडीखाली राहिलं आहे. आजूबाजूची कित्येक खाचरं पडीक आहेत किंवा बंगल्यांच्या कुंपणाआड गेली आहेत. ओट्यावर बसलेला माणूस आणि खाचरातला माणूस यांच्यात भिंत नाही, व्यवहार आहे. प्रश्न असा, की त्या व्यवहारात भाषा कुणाची चालते?

ओट्यावरून समोर धरणाचं पाणी दिसतं. आमच्यातले सगळे त्यावर फिदा होते : धुकं, पाणी, पलीकडचा हिरवा डोंगर. मुळशीचं हे पाणी मुळा नदीवर टाटांनी बांधलेल्या धरणाचं. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या, त्याही उत्तम भाताच्या. १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही ओळख मिळाली ती याच लढ्यातून. १९२४पर्यंत लढा विझला, धरण झालं, आणि इथला पाऊस घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज बनू लागला. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा अभ्यास सविस्तर मांडला आहे. तो वाचल्यावर ओट्यावरचं ते दृश्य पहिल्यासारखं राहत नाही. आपण ज्याला निसर्ग म्हणून फोटोत घेतो त्याच्या तळाशी बांध आहेत. काकांचे पणजोबा त्या तळातून वर सरकलेले. म्हणून तर घर एवढं उंचावर आहे, आणि म्हणून तर दृश्य एवढं सुंदर आहे.

आता साहित्याकडे. आईच्या वाक्याची परीक्षा करायची तर आपल्या पावसाच्या शब्दांपासून करावी. रिमझिम, भुरभुर, धो धो, मुसळधार, झिमझिम : ही विशेषणं कानाने आणि डोळ्याने घेतलेली आहेत. पाऊस कसा ऐकू येतो, कसा दिसतो, एवढंच ती सांगतात. म्हणजे ती डोक्यावर छप्पर असलेल्याची विशेषणं आहेत. भिजणाऱ्याला मुसळासारखा पाऊस दिसत नाही. त्याला समोरचं काही दिसत नाही.

काकूंच्या सासूबाई पावसाबद्दल वेगळ्या शब्दांत बोलत होत्या. तेव्हा पुनर्वसू नक्षत्र चालू होतं. "ह्यो तरणा," त्या म्हणाल्या, "पुढं म्हातारा येईल." पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा. ही नावं महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी घरांना ठाऊक आहेत, आणि मीही ती लोकसाहित्याच्या पेपरात शिकवली होती, 'लोकमानसातल्या गमतीदार प्रतिमा' म्हणून. त्या दिवशी जाणवलं की ही नावं वागणुकीची आहेत. पाऊस कसा दिसतो याच्याशी त्यांना घेणं नाही. तो माणसाशी, पिकाशी कसा वागतो ते त्यांत आहे. तरण्याचा जोर लावणीला हवा असतो. म्हाताऱ्याने चिवटपणे टिकून राहावं लागतं, नाहीतर लावलेलं धरत नाही. रूपक इथेही आहे, पण ते कामातून आलेलं आहे आणि कामाला परत उपयोगी पडतं. आमच्या रूपकांना असा परतीचा रस्ता नसतो.

माझ्या जुन्या लेखात मी दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'वर बरंच लिहिलं होतं. १९५६चं हे पुस्तक मी आजही दरवर्षी उघडते. झाड, फूल, पाखरू, आभाळाचा रंग यांकडे इतकं अचूक बघणं मराठीत विरळा. त्या बघण्याला मी 'बसलेलं' म्हणणार नाही. दुर्गाबाई हिंडून, निरखून, ताडून लिहितात. पण ते निसर्गाचं पंचांग आहे. चूक माझी की मी ते पावसाचं पंचांग म्हणून वाचलं, आणि आषाढात माणसं काय करत असतात हा प्रश्न मला पडला नाही.

दुसरी चूक जास्त मोठी होती. मी 'मराठी पाऊस' असा एकवचनी शब्द वापरला होता. तसा काही पाऊस नाही. आपल्या ग्रामीण साहित्याचा मोठा भाग अवर्षणाच्या मुलखातून आलेला आहे. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) माणदेशातली धनगरवाडी शेवटी दुष्काळाने रिकामी होते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला (२००२) विदर्भातला कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे डोळे लावून आहे. महानोरांचं पळसखेड आणि 'रानातल्या कविता' (१९६७) हेही कोरडवाहू रानच. या मुलखात पाऊस म्हणजे न येणं किंवा अखेर येणं. म्हणून त्याच्या आगमनाला उत्सवाचं रूप येतं, आणि ते खरं असतं. पण सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस येईल का हा प्रश्नच नसतो. इथे तो येतो आणि जात नाही. इथला प्रश्न आहे त्यात उभं कसं राहायचं. आगमनाचं काव्य आपल्याकडे भरपूर आहे. उभं राहण्याचं, निदान माझ्या वाचनात, फार थोडं.

महानोरांचं नाव घेतलं की माझ्या मांडणीला एक अडचण येते, आणि ती टाळू नये. ते स्वतः शेतकरी होते, पाणी अडवण्याचं काम आयुष्यभर केलेले. तरी त्यांची कविता उत्कट, गेय, सुखाने भरलेली आहे. तिथे माती, पीक आणि स्त्रीदेह यांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात. तेव्हा 'राबणारा लिहील तर कष्टांबद्दल लिहील, सौंदर्याचं कौतुक फक्त बसलेल्याला' हे समीकरण खोटं आहे. आईच्या वाक्याचा तसा सोपा अर्थ मी काढला असता तर तीच मला हसली असती.

मग फरक कशात आहे? मला तो आनंद यादवांच्या 'गोतावळा'ने (१९७१) दाखवला. कादंबरी सांगतो नारबा, दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा गडी. जमीन त्याची नाही, जनावरं त्याची नाहीत, पण सगळा गोतावळा त्याचा आहे. त्याच्या नजरेला पडणारं रान कमी सुंदर नाही; उलट त्यात इतका बारकावा आहे की पाहुण्याला जन्मात दिसायचा नाही. मात्र त्याचं बघणं हातातल्या कामाच्या मधोमध येतं. तो थांबून बघत नाही, करता करता त्याला दिसतं. आणि ट्रॅक्टर येऊन जनावरं जायला लागतात तेव्हा त्याचं काम आणि त्याचं जग एकदमच जातं. परवा बैलांमागे उभं राहून फोटो काढताना मला 'गोतावळा' आठवला नाही. आठवायला हवा होता. नारबाच्या मळ्यावर यंत्र आलं आणि बैल गेले. इथे यंत्र आलं आणि बैल आमच्यासाठी राहिले, काम नसलेले. पन्नास वर्षांनी त्या कादंबरीला असा पुढचा भाग जोडला जाईल असं कुणाला वाटलं असतं?

बहिणाबाईंचंही तसंच. त्या निरक्षर होत्या. गाणी कामात असताना सुचत, मुलाने आणि नातलगाने ती टिपून ठेवली, आणि पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. आपण हे चमत्कार म्हणून सांगतो : शिकलेल्या नसूनही कविता! पण जात्याच्या फेऱ्याला लय असते, हात चालू असला तरी तोंड मोकळं असतं. त्या गाण्यांच्या घडणीत कामाचा हात आहे. त्यांचं निरक्षर असणं जितकं सांगितलं जातं तितकं हे सांगितलं जात नाही.

पण म्हणून प्रत्येक कामातून गाणं निघतं असं नाही. सकाळी आमच्यातल्या एकीने काकूंना आग्रह केला, "लावणीचं गाणं म्हणा ना!" काकू हसल्या आणि वाकल्या. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "बाई, पावसात शेजारणीचं बोलनं ऐकू येत न्हाई, गानं कुठलं?" मग कुणीतरी फोनवर लावणीगीत लावलं, ते पावसात अर्धंमुर्धं वाजत राहिलं. आम्हाला शेतकरी बाई गाताना हवी होती. ती प्रतिमा आम्ही पुस्तकांतून, सिनेमांतून घेऊन आलो होतो, आणि समोरची बाई त्यात बसत नव्हती म्हणून थोड्या हिरमुसलो होतो. माझ्यासारख्यांच्या लेखांनी ती प्रतिमा घट्ट केली आहे, एवढं तरी कबूल केलं पाहिजे.

पुस्तकांत मला न भेटलेली एक गोष्ट रात्री दिसली. जेवणं झाल्यावर काकू चुलीपुढे बसून पायांच्या बोटांमध्ये वाटलेली मेंदी भरत होत्या. आठ-आठ तास चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, त्याला चिखल्या म्हणतात. हा शब्द मला ठाऊक होता. आईच्या पायांवर त्याचे जुने डाग आहेत. आठ वर्षांपूर्वी पावसाबद्दल चार हजार शब्द लिहिताना त्यातला एकही 'चिखल्या' नव्हता.

मी काकूंना विचारलं, "तुम्हाला पाऊस आवडतो का?" प्रश्न ओट्यावरचाच होता, पण दुसरा सुचला नाही. त्यांनी थोडा विचार केला.

"लावनी उरकल्यावरचा आवडतो," त्या म्हणाल्या. "शेवटचं खाचर झालं की घरी यायचं, गरम पान्यानं आंग धुवायचं, आन मग रातच्याला पत्र्यावर पडतो ना, त्यो. लई ग्वाड लागतो. आपलं रोप खाली पीत असतंय."

त्या उत्तरात मला हवा असलेला फरक होता. काकूंच्या पावसालाही सौंदर्य आहे, छपराखालचं आणि बसून ऐकायचंच आहे. पण त्याला तिथी आहे. ते कामाच्या अलीकडे मिळत नाही, पलीकडे मिळतं, आणि वर पत्र्यावर जे वाजतं त्याचं खाली काय होतंय हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. आमचा पाऊस कुठल्याही तारखेला सुंदर असतो. म्हणूनच त्यावर लिहिलेली पानं एकमेकांसारखी वाटतात, माझीसुद्धा. ओट्यावर बसणं हा दोष नाही. कुठून उठून ओट्यावर आलो हे लिहिण्यात नसणं, हा दोष आहे. यापुढे पावसाचं पान वाचताना मी एवढं तरी विचारीन : हा पाऊस कुठल्या नक्षत्राचा, आणि सांगणाऱ्याचे हात त्या वेळी कशात आहेत?

ही कसोटी लावली तर माझ्या जुन्या लेखातलं थोडंच उरतं. महानोर उरतात, बहिणाबाई उरतात, दुर्गाबाईही त्यांच्या जागी उरतात. जातं ते त्यांच्याबद्दल मी लिहिलेलं.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. बैलांचं ऐकून ती हसली. धरणाचं तिला ठाऊक होतं. चार ओळी पुन्हा लावल्याचं सांगायला मला अवघड वाटत होतं, पण सांगितलं.

"किती खोल लावलंस?" तिने विचारलं.

मी बोटाचं दुसरं पेर दाखवलं.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि उठून तिने मला चिमूट दाखवली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. तिन्ही बोटांच्या टोकांनी तिने जेवणाच्या टेबलावर अगदी हलकेच टेकवल्यासारखं केलं, आणि हात लगेच मागे घेतला. साठ वर्षांत तिने लावणी केलेली नाही. मग ती ओळीने तसंच करत टेबलाच्या कडेपर्यंत मागे सरकत गेली.